मुरवलेले बूट

माझ्या चुलत सासऱ्यांनी आजवर एकाही माणसाच्या चेहऱ्याकडे आधी पाहिलेलं नाही. ते आधी पाय पाहतात, मग चालणं पाहतात, आणि तोवर माणूस निघून गेला नसला तर शेवटी चेहरा. धुळ्यातल्या त्यांच्या गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून लग्नानंतर मीही म्हणू लागलो. पण आमची पहिली भेट झाली तेव्हा मी म्हणजे मुलगी पाहायला आलेला एक घाबरलेला विमा-कारकून होतो आणि ते म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले एक किडकिडीत गृहस्थ. पोहे झाले, नाव-गाव झालं, पगार विचारून झाला. मुलीच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे थोरल्या भावाकडे पाहिलं, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ नाना उठले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “जवाईबापू, जरा मोजे काढा.” जळगावहून निघताना आईने मला अनेक प्रश्नांची उत्तरं पढवली होती, त्यात हा नव्हता. मी मोजे काढले. नानांनी माझा तळवा दाबला, टाच उचलली, अंगठा वाकवून पाहिला आणि मुलीच्या वडिलांना अहिराणीत निकाल सांगितला, “हाऊ सेंटर हाफ शे. हाऊ कोठेच जावाव नही. पोर दी टाका.” मी मधला, जागा न सोडणारा, तेव्हा मुलगी द्यायला हरकत नाही, असं माझं लग्न ठरलं. पत्रिका नंतर जुळवली, ती कुणी फारशी मनावर घेतली नाही.

नाना तरुणपणी धुळ्याच्या फुटबॉल संघात उजव्या विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळत. पुढे त्यांनी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, कालव्याच्या कडेकडेने सायकल मारली आणि निवृत्त झाले. पण मनाने ते मैदानाच्या उजव्या कडेची पांढरी रेघ सोडून कधी आत आलेच नाहीत. त्यांच्या हिशेबात मनुष्यजातीचे दोनच प्रकार. एक मधले आणि एक कडेचे. मधले लोक संसार करतात, सोसायटीचे चेअरमन होतात, फटफटीवर हेल्मेट घालतात. कडेचे लोक धावतात. जगाचं सगळं मधल्यांवर चालतं हे नानांना मान्य होतं, पण जग बघण्यालायक होतं ते कडेच्यांमुळे, असं त्यांचं मत. आणि या कडेच्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या माणसांना देवाने पाय दिले असले तरी बूट निवडायची अक्कल दिलेली नाही, ती उणीव भरून काढायला आपला जन्म झाला आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

धुळ्याच्या बाजारात खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे. नाना लांबून येताना दिसले की त्याचा मालक आतल्या खोलीत जाऊन चहा पीत असे. कारण नाना एकदा स्टुलावर बसले की दुकान त्यांचं. कुणी गोलकीपर पोरगा बापाबरोबर येऊन केशरी रंगाचा हलका बूट मागायचा, की नाना म्हणत, “तुले कसाले? तू उभाच राहशी.” आणि कुणी सडपातळ, पोटऱ्या उंच असलेला पोरगा जाडजूड मजबूत बूट घ्यायला लागला, की ते त्याच्या हातातून काढून घेत. बापाला वाटायचं, मजबूत बूट चार वर्षं टिकेल. नाना सांगायचे, बूट टिकेल हो, पोरगा टिकणार नाही. मग ते बूट हातात घेऊन वाकवत. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मध्येच पोटात वाकला तर परत खोक्यात. तळहातावर ठेवून डोळे मिटून वजन बघत. खालचे स्टड, ज्यांना ते अजून खिळेच म्हणतात, ते लांब असले तर त्यांचं तोंड कडू होई. “हाई काय विलायत शे?” ते विचारत. आपल्याकडची काळी जमीन थंडीत दगड होते, त्यात लांब खिळा रुततच नाही, माणूस खडावा घातल्यासारखा चालतो. आणि पावसाळ्यात तीच जमीन बुटाला अशी चिकटते की प्रत्येक पायाला पावशेर खानदेश घेऊन पळावं लागतं. म्हणून आखूड खिळे, पुष्कळ खिळे, आणि टाचेला घट्ट पकड. एवढं झालं की शेवटची परीक्षा रस्त्यावर. गिऱ्हाइकाला भर बाजारात पळायला लावायचं आणि हातगाडी आडवी आली की ओरडायचं, “वळ!” एका पोराने वळता वळता केळीवाल्याच्या गाडीत उडी घेतली होती. नाना केळीवाल्याला म्हणाले, पोराची चूक नाही, बुटाची आहे. “पयाले कोनले बी येस. थांबाले बूट लागस.” पळता कुणालाही येतं, थांबवतो तो बूट, असा हा न्याय. मालकाला ती केळी विकत घ्यावी लागली. तो आतल्या खोलीत का जात असे, हे आता लक्षात येईल.

पण नानांचा खरा लौकिक निवडण्यापेक्षा मुरवण्यात होता. लोणचं आणि बूट मुरल्याशिवाय वापरू नये, हा त्यांचा सिद्धांत. मधल्या खेळाडूने नवा बूट घालून खेळावं, त्याला काय. पण विंगवाल्याचा बूट पायाला कातडीसारखा बसलेला हवा, आणि असा घट्ट बूट पहिले आठ दिवस चावतो म्हणजे चावतोच. तेव्हा ते आठ दिवस नाना स्वतः तो बूट घालत. खेळाडू नवा जोड आणून द्यायचा आणि नाना ओले मोजे घालून तो पायात चढवून गल्लीत, बाजारात, दूध आणायला, एकदा तर एका दहाव्याच्या विधीला नदीवर खडखड करत हिंडायचे. त्यांचा स्वतःचा पाय पुरुषांच्या मानाने लहान, सहा नंबरचा. बूट सातचा असला तर दोन मोजे, आठचा असला तर तीन. कुठे काय टोचतं ते त्यांच्या पायाला बरोबर कळे. मग ती जागा ते खडूने खूण करून, खलबत्त्यातल्या बत्त्याने आतून ठोकून मऊ करत. काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, त्यामुळे घरात दोन खलबत्ते ठेवले होते आणि पाहुण्यांना चटणी वाढताना त्या न विचारता सांगत, “हाई दुसरा खलमानी शे.” 

या मुरवण्यामागे एक जुनं दुःख होतं. तरुणपणी भुसावळला एका मोठ्या सामन्यात नाना दुकानातून आणलेला कोरा बूट घालून उतरले. मध्यंतरापर्यंत टाच सोलून निघाली. शेवटी शेवटी चेंडू त्यांच्यासाठी कोपऱ्याकडे मोकळा सोडला होता, पुढे कुणी नव्हतं, आणि ते पोचले नाहीत. ही गोष्ट ते दर वेळी थोडी वेगळी सांगत. कधी सामना बरोबरीत असे, कधी एका गोलने मागे. एकदा तर पाऊस होता आणि पुढच्या खेपेला कडक ऊन. पोचलो नाही, हे मात्र कधी बदललं नाही.

आमच्या घरातल्या कुठल्याही समारंभात नाना असले की पायांना अभय नसे. मेव्हणीच्या लग्नात करवल्यांनी नवरदेवाचे जोडे लपवले, तर नानांनी ते शोधून काढले आणि परत देण्याऐवजी उलटे करून भर मांडवात तळ तपासला. बाहेरची कड झिजलेली पाहून ते व्याह्यांना म्हणाले, पोराच्या जोड्यांना बाहेरच्या अंगाने एक पट्टी लावून घ्या, नाहीतर चाळिशीत गुडघा जाईल. व्याही दोन दिवस फुगून होते. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असली की सगळे वांग्यांभोवती बसत आणि हे चपलांच्या ढिगाभोवती. फोनवर परदेशातले सामने ते आवाज बंद करून बघत आणि कॅमेरावाल्यावर चिडत. “बॉल काय दखाडस? पाय दखाड.” माझा मुलगा लहान असताना त्यांनी त्याचे पाय पाहून एकच उसासा टाकला होता. पोरगा आता बँकेच्या परीक्षा देतो.

हे सगळं सांगताना अजून हसू येतं, पण पूर्वीसारखं येत नाही. कारण नंतर नाना एक नवीन वाक्य बोलायला लागले होते आणि आम्ही ते सगळ्यांनी ऐकूनही कुणी ऐकलं नाही. ते म्हणायचे, अलीकडचे बूट फार सुधारले. पूर्वीचे बूट कसले, नुसती कुत्री होती, पायात घातली की चावायची. आता बघा, कसा लोण्यासारखा बूट करतात. नवा जोड चढवून ते आनंदाने गल्लीभर फिरत आणि परत येऊन सांगत, “कोठेच चावत नही.” मुरवायचे आठ दिवस पाचावर आले, मग तीनावर. बुटांचा खलबत्ता धूळ खात पडला. एखाद्या पोराने पुढे येऊन भीत भीत सांगितलं की नाना, करंगळीला लागतंय, तर ते त्याला झापत. म्हणत, बूट मी घालून पाहिलाय, तुझीच बोटं शेफारली आहेत. काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या की हे अलीकडे चूल-शेगडीजवळ पाय नेतात आणि त्यांना चटका कळत नाही. नानांना साखरेचा आजार बरीच वर्षं होता. गोळ्या ते जेवणाच्या वेळी आठवल्या तर घेत, आणि आठवत क्वचित. आमच्याकडे अर्ध्या घरांना साखर आहे. तिच्यासाठी कुणी थांबत नाही.

अशात त्यांच्या हाती आफरीन लागली. बाप यंत्रमागावर काम करणारा, घर मालेगाव रोडच्या बाजूला, आणि ही पोरगी कॉलेजच्या मैदानावर डाव्या विंगला पळायची. नानांनी तिला पाहिलं आणि संध्याकाळी जळगावला मला फोन केला. सून आल्याची बातमी द्यावी तसा आवाज होता. म्हणाले, जन्मभर असा पाय शोधत होतो; पोरगी पळताना दिसते, पण थांबताना दिसतच नाही, एकदम वळलेलीच दिसते. जिल्ह्यातून विभागाच्या संघाची निवड जळगावला व्हायची होती. त्या चाचणीसाठी नानांनी तिला बूट निवडून दिला, पाच नंबरचा, हलका, आखूड खिळ्यांचा. आणि मुरवायला घरी आणला. पाच नंबर त्यांच्या पायाला एक नंबर लहान. मोजे सोडाच, त्यांनी पायाला खोबरेल तेल लावून तो चढवला. काकू म्हणाल्या, अहो, कापसाची गाठ दाबल्यासारखा दिसतोय पाय, काढा. नाना उठून चालून आले आणि म्हणाले, “इतला मऊ बूट मी जलममा दखा नही.”

चाचणीच्या दिवशी ते आफरीनला आणि तिच्या वडिलांना घेऊन जळगावला आले. मी रजा टाकून मैदानावर गेलो. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण पहिल्या पाच-दहा मिनिटांत ती पोरगी कडेने अशी गेली की मीसुद्धा उभा राहिलो. नाना बसूनच होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर तिच्या पायांवर. मग ती हळू झाली. चेंडू तिच्याकडे आला की ती आत वळण्याऐवजी तिथूनच मागे देऊन टाकू लागली. एकदा तिच्यासाठी कोपऱ्याकडे मोकळा चेंडू सोडला होता. ती निघाली, चार पावलांत लंगडली आणि चेंडू बाहेर गेला. नानांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि लगेच दुसरीकडे बघू लागलो. निवडणाऱ्यांनी तिला मध्यंतराला बदललं. तिने येऊन नानांच्या पायांना हात लावला, म्हणाली, दम लागला नाना, सकाळी काही खाल्लं नव्हतं. नाना म्हणाले, “बूट तर बरोबर होता ना?” ती म्हणाली, “एकदम मऊ होता, नाना.” तिची निवड झाली नाही.

आफरीन आणि तिचे वडील संध्याकाळच्या गाडीने परत गेले. नाना आमच्याकडे राहिले. जेवायला शेवभाजी केली होती, त्यांनी ती चिवडली. पोरीने उपाशी पोटी खेळायला नको होतं, हेच पुन्हा पुन्हा बोलत होते. हात धुवायला उठले, मोरीपर्यंत गेले आणि परत आले, तेव्हा पांढऱ्या फरशीवर त्यांच्यामागे लाल ठसे उमटलेले होते. सगळ्यात आधी ते त्यांनाच दिसले, कारण त्यांची नजर नेहमी जमिनीवर. ते थांबून म्हणाले, “हाई रगत कोनं शे? कोनले लागनं?” आम्ही सगळे आपापले पाय बघू लागलो. माझ्या बायकोने त्यांना खुर्चीवर बसवून उजव्या पायातला मोजा ओढला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती आणि बाजूने चिघळली होती. नाना वाकून ते कुतूहलाने बघत राहिले, आणि मला सगळ्यात भीती वाटली ती त्या कुतूहलाची.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता आणि शांत होता. त्याने नानांना डोळे मिटायला सांगितले, एक बारीक ताठ दोरा हातात घेतला आणि सांगितलं, पायाला लागल्यासारखं वाटलं की ‘हो’ म्हणा. त्याने दोरा टाचेला टेकवला. नाना गप्प. तळव्याला टेकवला, गप्प. करंगळीला, चवड्याला. मग डॉक्टर दोरा बाजूला ठेवून कागदावर काहीतरी लिहायला लागला, आणि नाना डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, “हो. आता लागनं.” डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. त्याने समजावून सांगितलं की साखरेने नसा मरतात, पायाला काही जाणवत नाही, हे एका दिवसात झालेलं नाही, दोनेक वर्षं तरी होत आलं असणार. घट्ट बुटाने बोटं चिरडली आणि यांना पत्ताही लागला नाही, ती तीन बोटं आता काढावी लागतील, पाय वाचवायचा असेल तर लवकर. नानांनी हे सगळं शाळेतल्या पोरासारखं ऐकून घेतलं. बोटांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ते म्हणाले, “म्हणजे डॉक्टरसाहेब, बूट मऊ नव्हते?”

डॉक्टरला प्रश्न कळला नाही. कळण्यासारखा नव्हताच. मला मात्र कळला, आणि त्या वेळी मला इतकं वाईट वाटलं की मी फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेलो. बोटं जाणार याचं ते दुःख नव्हतं. दोन वर्षं या माणसाने निवडलेला, मुरवलेला, ‘कोठेच चावत नही’ म्हणून हातात ठेवलेला प्रत्येक जोड त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार, आणि त्याबरोबर ती सगळी झापलेली पोरं.

बोटं काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आफरीन वडिलांबरोबर भेटायला आली. तिच्या चपलेच्या पट्ट्याच्या वर टाचेला चिकटपट्टी होती आणि पट्टीच्या कडेने कातडी सोललेली दिसत होती. दुसरं कुणी असतं तर त्याच्या लक्षात आलं नसतं. नानांनी तिला पलंगावर टाच ठेवायला लावली, पट्टी उचलून पाहिली. बुटाच्या आत टाचेमागे एक कडक शिवण होती, ती पूर्वी त्यांच्या पायाला पहिल्या दहा पावलांत सापडली असती. त्यांनी विचारलं, “तू बोलली का नाहीस?” ती आधी नाही नाही म्हणाली, मग तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “तुम्ही घालून पाहिला होता ना. तुम्ही म्हणालात चावत नाही. मला वाटलं, माझाच पाय नाजूक आहे.” नानांनी पट्टी परत नीट चिकटवली, बोटाने दाबून बसवली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ती बराच वेळ उभी होती. शेवटी तिचे वडील तिला घेऊन गेले.

त्यानंतर धुळ्याला गेलो की घर ओळखू यायचं नाही. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसत, पायात दवाखान्याने दिलेली जाड, बोजड चप्पल, आणि समोरून कितीही पाय गेले तरी नजर समोरच्या विजेच्या खांबावर. फोनवरचे सामने बंद झाले. घरात पडलेले जुने बूट त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकले. कुणी पोरगा चुकून नवा जोड घेऊन आलाच तर ते म्हणत, डोळ्यांना आता दिसत नाही, दुसऱ्या कुणाला दाखव. डोळे ठणठणीत होते. काकू जेवायला हाक मारत, ते उठून आत येत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खात आणि पुन्हा जाऊन बसत. बोलायला म्हणून मी एकदा माझ्या ऑफिसचे बूट पुढे केले, म्हटलं, नाना, हे जरा लागतात बघा. ते म्हणाले, “दुकानदारले इचारा.” ज्या माणसाला गप्प कसं करावं हे आम्हाला अर्ध्या आयुष्यात सापडलं नाही, तो असा गप्प झालेला बघवत नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर मी तिथे होतो. दुपारची वेळ. आफरीन आली, काखेत दोन खोकी. पुन्हा निवड होती, आणि बाजारातल्या त्या दुकानदाराने, नाना दिसले की चहा प्यायला आत जाणाऱ्या त्याच गृहस्थाने, दोन जोड पैसे न घेता तिच्याबरोबर पाठवले होते. नानांना दाखव, ते म्हणतील तो ठेव, दुसरा परत आण. तिने खोकी नानांच्या पायापाशी उघडली. नानांनी पाहिलं नाही. ती म्हणाली, “नाना, तुम्हीच सांगा.” ते म्हणाले, “मना पायले काहीच समजत नही आते, पोरी. एक डाव तुनं वाटोळं करं. आते नको.” ती म्हणाली, वाटोळं झालं नाही, पुन्हा बोलावलंय ना. नानांनी मान हलवली. तिने खोक्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, आणि तशीच बसून राहिली. अशा वेळी माझ्यासारख्याला खोटा खोकला तेवढा येतो.

काकू दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्यांनी पदराला हात पुसले, खाली येऊन ओट्याच्या कडेला बसल्या आणि विचारलं, “कितला नंबर?” आफरीन म्हणाली, पाच. “माले पाचच लागस,” असं म्हणून त्यांनी खोक्यातला एक जोड काढला आणि पायात घातला. नाडी त्यांना नीट बांधता येत नव्हती, ती आफरीनने बांधली. लुगड्याचा काठ वर खोचून काकू अंगणात उतरल्या आणि खडखड करत चालू लागल्या. बूट या वस्तूला ज्या बाईने जन्मभर शिव्या दिल्या, ती बूट घालून तुळशीपर्यंत गेली आणि परत आली. म्हणाल्या, “अठे लागी राहिनं.” नाना खांबाकडेच बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “कोठे?” “टाचमांगे. शिवणवर.” “कितलं?” “कानमा नवा डूल घालावर लागस, तितलं.” नाना म्हणाले, “काढ तो. दुसरा घाल.”

दुसरा घातला. आता त्यांनी खुर्ची अंगणाकडे फिरवून घेतली होती. काकू चालल्या. करंगळी? नाही. चवडा? थोडा दाबतो, पण सहन होतो. टाच निसटते का? नाही, धरून आहे. “जराशी पय,” नाना म्हणाले. आफरीन हसायला लागली, मला वाटलं काकू आता बूट काढून फेकणार. काकूंनी गल्लीकडे एकदा पाहिलं, कुणी नव्हतं, आणि त्या पळाल्या. तुळशीपाशी नाना ओरडले, “वळ!” आणि काकू वळल्या. मला या खेळातलं अजून काही कळत नाही. पण वजन आधी कुठे होतं आणि मग कुठे गेलं हे दिसलंच नाही. त्या एकदम आमच्याकडे तोंड करून येत होत्या.

आफरीनचं हसू थांबलं. ती म्हणाली, “काकू, तुम्ही खेळायच्या?” काकूंना दम लागला होता. ओट्यावर बसत त्या म्हणाल्या, खेळ कसला, माहेरी शाळेतून नदीपर्यंत पोरापोरींची शर्यत लागायची, त्यात मी पहिली यायचे. मग लग्न झालं. नाना त्यांच्याकडे बघत होते, इतका वेळ बघत होते की काकूंनी पदर सारखा केला. मग ते म्हणाले, “तू कधी बोलनी नही.”

“तुम्ही कधी इचारंच नही,” काकू म्हणाल्या. रागाने नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा.

नानांनी आफरीनला सांगितलं, हा जोड ठेव, पहिला परत दे. चवड्याला थोडा मुरायला हवा, आठ दिवस इथे राहू दे. तिने मान डोलावली. नाना खुर्चीतून खाली आले, सावकाश, भिंतीला धरून, त्या जाड चपलेसकट काकूंच्या समोर बसले आणि त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला. आफरीनने नाडीला साधीच गाठ मारली होती. ती सोडायला त्यांना फार वेळ लागला, आणि काकूंनी पाय मागे घेतला नाही.